हरकत नाही

'मराठी ४' ही फ्लॉपी मी माझ्या हातांनी बिघडवली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना मी या विषयातला कुणी जाणकार आहे असा तुमचा गैरसमज व्हायला नको. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. कॉम्प्युटरशी माझा संबंध प्रश्नपत्रिका टाइप करण्यापुरता आणि निकालाचे तक्ते भरण्यापुरता.

गेल्या मे महिन्यात खेड तालुक्यातल्या आमच्या घराची कौलं उतरवली. पावसाआधी वासे बदलायचे होते. माळ्यावरचं सामान अंगणात आलं, त्यात अब्बांचा पत्र्याचा डबा होता. अब्बांचा इंतकाल २०१४ साली झाला. त्यानंतर तो डबा कुणी उघडला नव्हता. आत पेन्शनचे जुने कागद, एक काच नसलेला चष्मा आणि रबर लावून एकत्र बांधलेल्या आठ फ्लॉप्या. रबर वितळून प्लॅस्टिकला चिकटलं होतं. चार फ्लॉप्यांवर अब्बांच्या अक्षरात उर्दू लिपीत 'उर्दू' आणि चारांवर देवनागरीत 'मराठी' असं लिहिलेलं. पुढे १ ते ४ आकडे.

हे काय आहे ते मला लगेच कळलं. त्यामागोमाग लाजही वाटली.

अब्बा उर्दू शाळेत मास्तर होते. १९९९ साली निवृत्त झाले. त्यांची आयुष्यभराची एकच तक्रार होती: आपली मुलं मराठीला उगाच घाबरतात. अर्धी मराठी त्यांच्या तोंडात आधीच आहे, फक्त कुणी त्यांना ते दाखवून देत नाही. म्हणून ते तपासलेल्या पेपरांच्या कोऱ्या पाठीवर शब्द लिहीत बसायचे. उजवीकडे उर्दू शब्द, डावीकडे मराठी अर्थ आणि एखादं वाक्य. त्यांनी शब्दांचे तीन वर्ग केले होते. पहिला वर्ग जसेच्या तसे आलेल्या शब्दांचा: जमीन, बाजार, तारीख. दुसरा थोडं रूप बदललेल्यांचा: कागज आणि कागद, कुर्सी आणि खुर्ची, दफ्तर आणि दप्तर. तिसरा वर्ग त्यांच्या आवडीचा. शब्द तोच, पण इकडे येऊन त्याने अर्थ बदललेला. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, मराठीत तालीम पैलवानांची नाहीतर नाटकाची. उर्दूत राजीनामा म्हणजे दोन्ही बाजूंनी राजी होऊन केलेला समझोता, मराठीत नोकरी सोडल्याचा कागद.

आणि हरकत. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल. मराठीत हरकत म्हणजे आक्षेप. ग्रामपंचायतीचा 'ना हरकत दाखला' हातात आला की अब्बा म्हणायचे, "बघ, सरकारनेच लिहून दिलंय, इथलं काही हलणार नाही!"

कवी माधव ज्यूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, यांचा 'फारसी-मराठी कोश' १९२५ साली निघाला होता. त्याची झेरॉक्स प्रत अब्बांकडे होती आणि तिला ते कुराणशरीफच्या खालोखाल जपायचे. पण तो कोश विद्वानांसाठी आहे, मला पाचवी-सहावीच्या पोरांसाठी करायचाय, असं त्यांचं म्हणणं. २००० ते २००२ या काळात त्यांनी पेन्शनच्या पैशातून हे सगळं एका डीटीपीच्या दुकानात टाइप करून घेतलं. उर्दू शब्द इनपेजमध्ये, नस्तालीक अक्षरात. मराठी अर्थ वेगळ्या फाइलमध्ये, त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये. दोन्ही लिप्या एका पानावर नीट बसवणं त्या दुकानदाराला जमेना. मग शब्दांना क्रमांक दिले आणि तेच क्रमांक अर्थांना. छापताना दोन्हीकडच्या पट्ट्या कापून शेजारी शेजारी डिंकाने चिकटवायच्या, असा बेत होता. म्हणून चार फ्लॉप्या शब्दांच्या आणि चार अर्थांच्या. एकूण दोन हजारांच्या आसपास नोंदी. मूळ कागद पुढे वाळवीने खाल्ले, पण तेव्हा अब्बा निर्धास्त होते. आता ते कॉम्प्युटरमध्ये आहे ना!

२००३ साली मी बी.एड. होऊन घरी आलो तेव्हा त्यांनी विचारलं, "छापायचं कधी?" मी म्हणालो, "छापू की अब्बा, हरकत नाही." ते हसले. म्हणाले, "हरकत नाही, म्हणूनच तर होत नाही."

पुढची अकरा वर्षं ते अधूनमधून विचारत राहिले आणि मी तेच उत्तर देत राहिलो.

तर मे महिन्यात डबा सापडला आणि मला एकदम घाई झाली. अकरा वर्षं टाळलेलं आणि त्यानंतर विसरलेलं काम एका रात्रीत उरकायचं होतं. यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह मागवला. तो आला त्या संध्याकाळी मगरिबनंतर बसलो आणि सगळ्यात वर होती ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये ढकलली. ती 'मराठी ४' होती.

ज्यांनी फ्लॉपी वापरली आहे त्यांना तिचा आवाज आठवत असेल. आधी घुमल्यासारखी घरघर, मग खट खट खट. या फ्लॉपीची घरघर सुरूच झाली नाही. मोटर अडून अडून धडपडत होती. मग ती एकदम सुटली आणि पाटीवर ओला खडू घासावा तसा आवाज आला. पडद्यावर सूचना आली: डिस्क फॉरमॅट केलेली नाही, फॉरमॅट करायची का? मी 'नाही' म्हटलं, एवढंच शहाणपण. पण फ्लॉपी काढली आणि पुन्हा घातली. पुन्हा काढली, पुन्हा घातली. चारदा. चौथ्यांदा काढून झडप सरकवून पाहिली, तर काळसर तबकडीवर एक गोल पांढरा ओरखडा होता. तिथला लेप खरवडला गेला होता. लेपाखालचं प्लॅस्टिक दिसत होतं.

लेप गेला म्हणजे अक्षर गेलं. फुटलेली पाटी सांधता येईल, पण पुसलेलं अक्षर परत आणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या जुन्या कॉम्प्युटर क्लासच्या सरांना फोन केला. १९९८ साली त्यांच्याकडे मी शिकलो. आता ते मोबाइलची कव्हरं विकतात. सगळं ऐकून घेऊन त्यांनी एकच विचारलं, "आत घालण्याआधी बोटाने फिरवून बघितलीस का?"

नव्हती बघितली. त्यांच्या क्लासमध्ये सवा पाच इंची मऊ फ्लॉप्या होत्या, त्या वेळी त्यांनी आम्हाला हेच शिकवलं होतं आणि मी ते विसरलो होतो. ती फ्लॉपी अडली की सर तिच्या पाकिटाच्या चारही कडा टेबलाच्या कोरेवरून हलक्या हाताने घासून घ्यायचे. पाकीट दबून चपटं झालं की आतली तबकडी चिमटीत सापडते. कडा मोकळ्या झाल्या की ती पुन्हा फिरायला लागते. आम्हाला ती जादू वाटायची. सर म्हणायचे, "लिहिलेलं सगळं जागेवर आहे रे, फक्त पाकीट घट्ट झालंय."

पुढचे चार दिवस मी सरांना रोज फोन करत होतो. जे कळलं ते इथे लिहितो, कारण तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावरही असा डबा असू शकतो.

साडेतीन इंची फ्लॉपीचं जे कडक चौकोनी कवच आपल्याला दिसतं, ती खरी फ्लॉपी नव्हे. खरी फ्लॉपी आत असते: लवचिक प्लॅस्टिकची पातळ गोल तबकडी, दोन्ही बाजूंना चुंबकीय लेप, मधोमध बसवलेली धातूची चकती. तबकडीच्या वर आणि खाली मऊ कापडाचं अस्तर असतं, ते धूळ टिपून घेतं. ड्राइव्ह धातूच्या चकतीला पकडून तबकडी मिनिटाला ३०० वेळा फिरवतो, म्हणजे सेकंदाला पाच फेरे. तबकडीवर ८० गोल वाटा असतात, प्रत्येक वाटेचे १८ तुकडे, प्रत्येक तुकड्यात ५१२ बाइट आणि अशा दोन बाजू. गुणाकार केला तर १४,७४,५६० होतात. त्यालाच आपण १.४४ एमबी म्हणायचो. आजच्या मोबाइलमधला एक फोटोही त्यात मावणार नाही. पण अब्बांची सगळी नोकरी त्यात मावली होती.

महत्त्वाची गोष्ट ही की फ्लॉपी वाचणारं टोक तबकडीला टेकलेलं असतं. हार्ड डिस्कमध्ये ते तरंगतं, इथे घासत जातं. म्हणून तबकडीवर बुरशी किंवा कचकच असेल तर ते टोक नांगरासारखं चालतं. वर ते टोक घाण होतं आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीलाही बिघडवतं. आणि तबकडी ठरलेल्या वेगाने फिरलीच नाही तर ड्राइव्हला काही वाचता येत नाही. मग कॉम्प्युटर आपल्याला सांगतो की डिस्कमध्ये काही नाही. खरं तर त्याला म्हणायचं असतं की मला वाचता आलं नाही. या दोन वाक्यांत फार फरक आहे.

म्हणून आधी फ्लॉपी पालथी करायची. मधली धातूची चकती दिसते, तिच्या खाचेत बोटाचं टोक टेकवून सावकाश फिरवायची. चांगली फ्लॉपी थोडीशी रेंगाळत, पण सगळीकडे सारखीच फिरते. एखाद्या जागी अडली, खरखरली किंवा हललीच नाही, तर ती ड्राइव्हमध्ये घालायची नाही. मग झडप सरकवून उजेडात तबकडी बघायची, फिरवत फिरवत पूर्ण गोल बघायची. ती आरशासारखी चकचकीत हवी. पांढुरके ठिपके किंवा जाळी दिसली की ती बुरशी. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात पापडाला येते तशीच ही येते. आणि कुठलीही फ्लॉपी आत घालण्याआधी तिच्या कोपऱ्यातली छोटी खिडकी उघडी करायची, म्हणजे चुकूनही तिच्यावर काही लिहिलं जात नाही.

उरलेल्या सात फ्लॉप्या मी ओटीवर चादर अंथरून मांडल्या आणि एकेकीची नाडी बघितली. मजा अशी की एकीचंही दुखणं दुसरीसारखं नव्हतं.

'उर्दू १' आणि 'मराठी १' नुसत्या आंबल्या होत्या. वीस वर्षं एका जागी पडून तबकडी अस्तराला धरून बसली होती. फ्लॉपीच्या चारही कडा तळहातावर हलकेच आपटल्या, मग बोटाने पंधरा-वीस फेरे दिले. पहिले दोन फेरे जड गेले, नंतर ती आपसूक सुटली. 'मराठी २' ची झडप वाकून आत दाबली गेली होती, तीच घासत होती. झडप काढून टाकली. झडपेशिवायही फ्लॉपी चालते, फक्त बोटं लागू द्यायची नाहीत. 'उर्दू ३' ला रबराने आवळून कवच मध्ये पोक काढल्यासारखं झालं होतं. कवचाच्या दोन बाजू तबकडीला चिमटीत धरून होत्या. सरांच्या टेबलाची आठवण ठेवून मी तिच्या कडा चारही बाजूंनी थोड्या थोड्या दाबल्या, हलकंसं पिळलं, आणि दहाव्या मिनिटाला ती मोकळी झाली.

'मराठी ३' आणि 'उर्दू ४' वर बुरशी होती. त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, शक्य तितकं शुद्ध. ती बाटली बघून अम्मीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अब्बांच्या किताबीला शराब लावणार?" मी सांगितलं, अम्मी, ही पिण्याची नाही, कोरोनात हाताला लावायचो त्या जातीची. मग तिने स्वतःच जुन्या पांढऱ्या कुर्त्याची न सुटणाऱ्या धाग्याची चिंधी शोधून दिली. नाकावर फडकं बांधून, झडपेच्या खिडकीतून तबकडी थोडी थोडी पुसत, सुकवत, पुढे सरकवत दोन्ही बाजू साफ करायला एकेका फ्लॉपीला पाऊण तास लागला. केस वाळवायचा गरम वारा मारायचा मोह झाला होता. सरांनी फोनवर ओरडून थांबवलं. उष्णतेने तबकडी वाकडी होते.

राहिली 'उर्दू २'. ती हलतच नव्हती. कवचाला तडा होता, आत ओल शिरली होती आणि अस्तराचे तंतू सुटून तबकडीला चिकटले होते. तिच्यावर चे, हे, खे, दाल अशी अक्षरं होती.

तिचं कवच बदलणं हा एकच उपाय होता. त्यासाठी दुसरी, धडक्या कवचाची, तेवढ्याच क्षमतेची फ्लॉपी हवी. नव्या फ्लॉप्या आता कोण बनवतो? सोनीने जपानमधली विक्री २०११ सालीच थांबवली. मग माझ्या कपाटात माझ्या बी.एड.च्या फ्लॉप्या सापडल्या. पाठ टाचणं होती त्यात. वीस वर्षं मी त्या का जपल्या होत्या कोण जाणे. उद्दिष्टे, स्पष्टीकरणे, अध्ययन अनुभव, मूल्यमापन, सगळे रकाने भरलेले. 'विद्यार्थी पाठ्यांशाचे निर्भयपणे प्रकट वाचन करतो' हे स्पष्टीकरण मी प्रत्येक टाचणात लिहिलेलं असणार.

इथे थोडं थांबून दुसरंच काही सांगायचं आहे.

माझ्या आठवीच्या वर्गात दोन वर्षांपूर्वी एक मुलगा आला होता. सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेला, मराठीच्या तासाला मान खाली घालून बसणारा. पहिल्याच आठवड्यात मी त्याला उभं करून धडा मोठ्याने वाचायला लावला. तो अडला. मी म्हणालो, वाच. तो पुन्हा अडला. मी आवाज चढवला, पुन्हा म्हणालो, वाच. 'ळ' त्याच्या जिभेवर येईना. वर्ग हसला. चौथ्यांदा मी म्हणालो तेव्हा तो खाली बसला. त्यानंतर वर्षभर त्याने माझ्या तासाला तोंड उघडलं नाही. शिक्षकांच्या खोलीत मी म्हणायचो, "त्याला काही येत नाही." मला म्हणायला हवं होतं की मला वाचता आलं नाही. वार्षिक परीक्षेत त्याने निबंध असा लिहिला होता की मी तो दोनदा वाचला. आत सगळं होतं. मी आधी बोटाने फिरवून बघितलं नव्हतं.

'मराठी ४' वरचा ओरखडा बघताना मला अब्बा आठवले त्यापेक्षा जास्त तो मुलगा आठवला. चारदा काढून चारदा घातलेली फ्लॉपी आणि चारदा वाच म्हटलेला मुलगा. अब्बांनी तसं केलं नसतं. त्यांच्या वर्गात घाबरलेल्या मुलाला ते आधी विचारायचे, घरून येताना रस्त्यात काय काय दिसलं? मूल सांगायचं: दुकान, दवाखाना, शिपाई, बाजार. अब्बा ते शब्द फळ्यावर देवनागरीत लिहायचे आणि म्हणायचे, झाली की मराठी सुरू.

तर 'उर्दू २'. ओटीचं दार लावून, पंखा बंद करून बसलो. आधी माझ्या टाचणाच्या फ्लॉपीची झडप काढली. तिची बारीक स्प्रिंग उडून कुठे गेली ती अजून सापडलेली नाही. एका कोपऱ्यात पातळ पातं घालून कवचाचे दोन भाग सावकाश सुटे केले. माझी तबकडी बाहेर आली. मग अब्बांच्या फ्लॉपीचं तेच. तिची तबकडी मधल्या चकतीला धरून उचलली, दोन्ही बाजूंना चिकटलेले तंतू अल्कोहोलने भिजवून एकेक करून सोडवले. ओढायचं नाही, भिजायला वेळ द्यायचा. या कामाला असरपासून इशापर्यंतचा वेळ गेला. अम्मी शेजारी बसून बघत होती. एकदाच म्हणाली, "तुझ्या अब्बांच्या पायातला काटा असाच काढायचे मी."

चकती खालच्या बाजूला येईल अशी तबकडी माझ्या कवचात ठेवली, कवच मिटवलं, कडांना चिकटपट्टी लावली. बोटाने फिरवली. फिरली. सगळीकडे सारखी, थोडीशी रेंगाळत.

मग ड्राइव्हचं टोक साफ करून, एकेक फ्लॉपी घालून, आतल्या फाइली न उघडता आधी सबंध फ्लॉपीची जशीच्या तशी प्रत काढली. हाही सरांचा सल्ला. जुनी फ्लॉपी किती फेरे सोसेल सांगता येत नाही, म्हणून पहिल्या वाचनातच सगळं घ्यायचं. 'उर्दू २' चे काही तुकडे पहिल्यांदा वाचले गेले नाहीत. पुन्हा प्रयत्न केला तेव्हा ते आले.

इनपेजची फाइल उघडली. मराठी फाइली उघडल्या तेव्हा आधी नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसली, कारण तो जुना फॉन्ट आता कुणाकडे नसतो. तोही शोधला, मग सगळं युनिकोडमध्ये आणलं. आता पट्ट्या कापून चिकटवायची गरज नव्हती. क्रमांकाला क्रमांक जुळवला की शब्द आणि अर्थ आपोआप शेजारी येत होते. 'उर्दू २' मधला ४१२ क्रमांकाचा शब्द होता हरकत. 'मराठी २' मध्ये ४१२ समोर अब्बांनी लिहिलं होतं: उर्दूत हालचाल, मराठीत आक्षेप. बरकत पहिल्या अर्थाने येते, दुसऱ्याने नाही.

'हरकत में बरकत' ही म्हण ते रोज फजरला आम्हाला उठवताना वापरायचे. ती कोशात अशी येईल असं वाटलं नव्हतं. मी कॉम्प्युटर बंद करून अंगणात जाऊन बसलो.

आता हिशोब. आठांपैकी सात फ्लॉप्या पूर्ण वाचल्या गेल्या. 'मराठी ४' मधून काही आलं नाही. ओरखडा नेमका बाहेरच्या कडेला आहे, जिथे फ्लॉपी आपल्या फाइलींची यादी ठेवते. आतल्या वाटांवरचं काही अजून शिल्लक असेल, ते जाणकार माणसाला काढता येईल का, हे बघतो आहे. आशा फार नाही. म्हणजे लाम, मीम, नून, वाव, हे आणि ये या अक्षरांचे शब्द माझ्याकडे आहेत, 'उर्दू ४' मध्ये. क्रमांकही आहेत. समोरची जागा मोकळी आहे.

पहिल्यांदा ती यादी बघितली तेव्हा फार वाईट वाटलं. शब्द आहेत, अर्थ नाहीत. आणि ते माझ्या घाईने गेले, पावसाने नाही, वाळवीनेही नाही.

पण मग एका रात्री मी अम्मीला शब्द वाचून दाखवायला लागलो. अम्मी चौथी शिकलेली. मी म्हणालो, मुद्दत. ती म्हणाली, "ते तर तुझ्या अब्बांनी दहा वेळा सांगितलं असेल. उर्दूत मुद्दत म्हणजे लांबलचक काळ, त्याला शेवट नाही. मराठीत मुदत म्हणजे तोच काळ संपायची तारीख. म्हणायचे, आपल्या पोराला उर्दू मुद्दत कळते, मराठी मुदत कळत नाही." मी वर बघितलं नाही, लिहून घेतलं. त्या रात्री तिला साठ-सत्तर शब्द आठवले, काही अब्बांच्या वाक्यासकट. ते लिहायचे तेव्हा ती सुपारी कातरत शेजारी बसलेली असायची. तिचं कुणी कधी काही टाइप केलं नाही, पण तिच्याकडे प्रत होती.

शाळा सुरू झाल्यावर मी ती यादी वर्गात नेली. वहीच्या पानावर एका बाजूला उर्दू शब्द, समोर मोकळी जागा, प्रत्येकाला दहा शब्द. घरी विचारा, शेजारी विचारा, बाजारात विचारा. अट एकच: जिथे अडाल तिथे वर्गात कुणी हसायचं नाही. पहिल्या आठवड्यात एक मुलगी 'मशक्कत' घेऊन आली. उर्दूत मशक्कत म्हणजे कष्ट. तिच्या शेजारच्या काकांनी सांगितलं होतं की पेरणीआधी शेतात करतात ती मशागत. तिने विचारलं, "सर, हा तोच शब्द आहे का?" मी म्हणालो, तोच. शेतात गेला आणि मातीचा झाला. अब्बांनी इथे काय लिहिलं होतं ते मला माहीत नाही. पण यापेक्षा फार वेगळं नसावं.

तो निबंधवाला मुलगा आता दहावीत आहे. त्याला मी वाचायला सांगितलं नाही. सगळ्या वह्यांमधले अर्थ तपासून एका जागी उतरवायचं काम त्याच्याकडे दिलं आहे. परवा त्याने माझीच एक चूक काढली. मी 'मुभा' समोर 'सूट' लिहिलं होतं. तो हळूच म्हणाला, "सर, 'मोकळीक' जास्त बरं वाटेल." बरं वाटतंच आहे.

हे काम दर शनिवारी शाळा सुटल्यावर वर्गातच करता यावं म्हणून मी रीतसर अर्ज दिला होता. पंधरा दिवसांनी तो परत आला. खाली लाल शाईत मुख्याध्यापकांचा शेरा होता: हरकत नाही.

तो मी मराठीतच वाचायचं ठरवलं आहे.